वाट पाहणे हेही कामच आहे

(नांदगाव येथे आरोग्य कर्मचारी आणि पक्ष कार्यकर्ते यांच्या संयुक्त बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीसाठी मला जो विषय देण्यात आला त्याचे शब्द असे आहेत : ‘आपत्कालीन वैद्यकीय सेवेतील कर्मचाऱ्यांमध्ये व्यायामाची आवड कशी निर्माण करावी?’ विषय वाचून मी प्रथम थबकलो. ज्यांच्या नोकरीचाच भरवसा नाही त्यांना व्यायामाची आवड लावायची, हा उपदेश आपल्या व्यासपीठावरून व्हावा काय, असे मनात आले. आवड लावण्याचे काम वरच्यांनी करावे आणि ती लावून घेण्याचे खालच्यांनी, ही वाटणी आपल्याला नवी नाही. परंतु हा विषय रुग्णवाहिकेवरील एका चालकानेच सुचवला आहे, हे मला नंतर कळले आणि माझी शंका मी मागे घेतली. त्यांचे म्हणणे साधे होते. ‘भाऊ, पेशंट उचलताना कंबर धरते. डॉक्टर म्हणतात, व्यायाम करा. करू कधी?’

आज मला जे बोलायचे आहे ते या ‘करू कधी?’ विषयीच. आवडीचा प्रश्न त्यानंतरचा.

ज्या सेवेविषयी आपण बोलतो आहोत ती महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली. १०८ हा क्रमांक आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. आरंभी राज्यभर ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत उपचारांच्या आणि ७०४ मूलभूत उपचारांच्या. गाडी शासनाच्या नावाची, क्रमांक शासनाचा, चालवणारी यंत्रणा मात्र कंत्राटी. प्रत्येक गाडीवर एक चालक आणि एक डॉक्टर. चालकाला कागदोपत्री ‘पायलट’ म्हणतात. पदव्या वाटताना आपली व्यवस्था कधी कंजुषी करीत नाही. कंजुषी होते ती तासांच्या आणि पगाराच्या हिशेबात.

या दोन माणसांचा दिवस कसा जातो, हे नांदगावकरांना मी वेगळे सांगायला नको. आपला तालुका लांबरुंद आहे. एका अंगाला मनमाडसारखे रेल्वे जंक्शन आणि त्यावरून जाणारा पुणे-इंदूर हमरस्ता, दुसऱ्या अंगाला चाळीसगावकडे जाणारा रस्ता, आणि मधे वाड्यावस्त्या. अपघात झाला, बाळंतीण अडली, कोणी विषारी औषध प्यायले, की गाडी निघते. गावातल्या रुग्णालयाच्या आवाक्याबाहेरचा रुग्ण असला तर मालेगाव, तिथेही भागले नाही तर नाशिक किंवा धुळे. नाशिक येथून रस्त्याने शंभराहून अधिक किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन दोनशेच्या वर. परतताना गाडी रिकामी असते, पण मागे बसलेल्या डॉक्टरची आणि पुढे बसलेल्या चालकाची पाठ रिकामी होत नाही. आणि मग काही तास असे येतात की फोनच वाजत नाही. रुग्णालयाच्या आवारात, एखाद्या झाडाच्या सावलीत, गाडीच्याच आसनावर बसून वाट पाहायची. चहा, वडापाव, पुन्हा चहा. जागे राहण्यासाठी कोणी तंबाखू मळतो. अर्ध्या मिनिटात निघायचे असल्यामुळे लांब जाता येत नाही. मग पुन्हा एकदम फोन, एकदम धावपळ, आणि अरुंद जिन्यावरून साठ-सत्तर किलोचा माणूस स्ट्रेचरसह खाली आणायचा. हात दोघांचेच. नातेवाईक मदतीला येतात, पण कुठे धरावे हे त्यांना ठाऊक नसते आणि सारा तोल शेवटी चालकाच्या कमरेवर येतो.

शरीराच्या दृष्टीने याहून वाईट घडण कल्पिता येणार नाही. तासन् तास बसून आखडलेली पाठ, गाडीच्या हादऱ्यांनी शिणलेले मणके, आणि पूर्वसूचना न देता त्यांच्यावर टाकलेला भार. पैलवानसुद्धा अंग तापवल्याशिवाय जोडीला हात घालीत नाही. आपण या माणसांकडून झोपेतून उठल्या उठल्या कुस्ती अपेक्षितो.

बसून काम केल्याने हृदयाचे काय होते, हे जगाला कळले तेही वाहनांवर काम करणाऱ्या कामगारांकडूनच. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे एक डॉक्टर होते. गरिबीत वाढलेले आणि अखेरपर्यंत समाजवादी राहिलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकाराचे प्रमाण का वाढते आहे याचा शोध घेताना त्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतील सुमारे ३१ हजार पुरुष कामगारांची नोंद तपासली. तिथल्या दुमजली बसवर दोन माणसे असत : एक बसून बस हाकणारा चालक, दुसरा दिवसभर जिना चढत-उतरत तिकिटे फाडणारा वाहक. दोघांची वस्ती एक, वर्ग एक, पगारही जवळपास सारखा. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मॉरिस यांनी निष्कर्ष मांडला : वाहकांना हृदयविकार कमी होतो, झालाच तर उशिरा होतो आणि कमी घातक ठरतो. वाहक पाळीत पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत असे. पत्रे वाटणारा पोस्टमन आणि टपालखात्यात बसून काम करणारा कारकून यांच्यातही त्यांना हाच फरक दिसला.

मॉरिस प्रामाणिक शास्त्रज्ञ होते, म्हणून त्यांनी स्वतःच्याच निष्कर्षावर शंका घेतली. चालक मुळातच स्थूल असल्यामुळे त्या कामाकडे वळत असतील तर? मग त्यांनी कामगारांना दिलेल्या गणवेशांच्या नोंदी काढल्या आणि १९५६ साली छापले की चालकांच्या पाटलोणीची कंबर वाहकांपेक्षा मोठी होती, अगदी नोकरीच्या सुरुवातीपासून. म्हणजे फरकाचा काही भाग आधीचाच होता. तरी कंबरेचे माप सारखे असलेल्या चालक-वाहकांची तुलना केल्यावरही वाहकाचे पारडे जड राहिले. शिंप्याच्या मापवहीतून कामगाराच्या हृदयाचा इतिहास वाचणारा हा माणूस पुढे जवळजवळ शंभर वर्षे जगला आणि म्हातारपणीही रोज चालत-पोहत राहिला.

आता आपल्यातील काही मित्र विचारतील, आणि हा प्रश्न रास्त आहे, की रुग्णवाहिकेवरचा माणूस बसतो तसा राबतोही. जड उचलतो, जिने चढतो. मग त्याला आणखी व्यायाम कशाला? शेतमजुराला, हमालाला कोणी जोर-बैठका काढायला सांगतो काय?

कष्ट आणि व्यायाम यांत आपण नेहमी गल्लत करतो. कोपनहेगनमध्ये एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे नोंद ठेवून केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात जे अंग हलवतात त्यांना हृदयविकार आणि मृत्यू यांचा धोका कमी, परंतु कामावर जे अंगमेहनत करतात त्यांना तो अधिक, असे त्यात आढळले. कारण शोधणाऱ्यांचे म्हणणे असे की व्यायामात माणूस वेग, वजन आणि विश्रांती स्वतः ठरवतो. कामात ते तिन्ही दुसरा ठरवतो. कष्ट बराच वेळ चालतात, रक्तदाब चढलेलाच राहतो आणि सावरायला उसंत मिळत नाही. मनमाडला अन्न महामंडळाची गोदामे आहेत. तिथल्या हमालांना हे कोपनहेगनहून कोणी सांगण्याची गरज नव्हती. डॉ. बाबा आढाव यांनी हमालांच्या चळवळीत पोत्याचे वजन हा प्रश्न धसाला लावला आणि शंभर किलोचे पोते पन्नासवर आणण्यासाठी झगडा केला, तो याच जाणिवेतून. पाठीवर किती वजन असावे हा प्रश्न वैद्यकाचा जितका, तितकाच मजुरीचा आणि सत्तेचा आहे हे त्यांनी महाराष्ट्राला शिकवले. रुग्णवाहिकेवरच्या माणसाच्या पाठीविषयी आपण तेवढेही बोललेलो नाही.

तेव्हा व्यायाम हवा, आणि तो कामाच्या धबडग्याहून वेगळा, स्वतःच्या ताब्यातला हवा. आता पुन्हा ‘करू कधी?’कडे येऊ.

या कामात बारा तासांची पाळी राज्यात सर्रास आहे. आठवड्याचे सहा दिवस धरले तर बहात्तर तास. घरी जाण्या-येण्याचा वेळ, जेवण, मुलांची शाळा, घरातले आजारपण हे सारे उरलेल्या वेळात. अशा माणसाने पहाटे उठून पळायला जावे, हा सल्ला देणारा माणूस एकतर अविवाहित असतो किंवा अधिकारी असतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून २०२१ साली एक अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला पंचावन्न किंवा अधिक तास काम केल्यामुळे पक्षाघात आणि हृदयविकाराने जगात २०१६ या एका वर्षात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे मरण पावली. पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक. बहात्तर तासांच्या माणसाला व्यायामाचे पत्रक देणे म्हणजे पुरात उभ्या असलेल्या माणसाला छत्री देण्यासारखे आहे.

यावर उत्तर ठरलेले असते. ‘बारा तास म्हणजे काय सलग बारा तास काम असते? निम्मा वेळ तर बसूनच असतात.’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. नांदगाव तालुक्यात तर ते तीन-चार पिढ्या ऐकू येत आहे, कारण हा रेल्वेचा तालुका आहे. मनमाडच्या जुन्या रेल्वे कामगारांना ‘इसेन्शियली इंटरमिटंट’ हे शब्द आठवत असतील. रेल्वेच्या नियमांत कामगारांच्या कामाचे वर्ग पाडलेले आहेत. ज्याच्या कामात निम्मा किंवा अधिक वेळ निष्क्रियतेचा, म्हणजे शरीराची हालचाल किंवा सतत लक्ष लागणार नाही असा, त्याचे काम मूलतः खंडित समजावे, असे १९८९ च्या रेल्वे कायद्यातही म्हटले आहे. परिणाम असा की सतत काम करणाऱ्याला आठवड्याला चौपन्न तासांची मर्यादा, आणि या ‘खंडित’ कामगाराला पंचाहत्तर तासांची. फाटकावरचा गेटमन या कायद्याच्या दृष्टीने अर्धा वेळ विश्रांती घेत असतो. तो फाटक सोडून घरी जाऊ शकत नाही, झोपू शकत नाही, मुलाला दवाखान्यात नेऊ शकत नाही. पण तो विश्रांती घेत असतो!

या हिशेबाविरुद्ध रेल्वे कामगार लढले. १९७३ च्या ऑगस्टमध्ये इंजिनावरच्या कामगारांनी संप करून दहा तासांच्या ड्युटीचे आश्वासन मिळवले. ८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली जो देशव्यापी संप झाला त्याच्या मागण्यांत बोनस होता हे सर्वांच्या लक्षात आहे. आठ तासांचा दिवस होता हे आपण विसरलो. वीस दिवसांत तो संप चिरडला गेला. हजारो तुरुंगात गेले, क्वार्टरमधून बायकामुलांना बाहेर काढले गेले. परंतु थांबून राहण्याचे तास कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न त्या संपाने विचारला होता, आणि आजची रुग्णवाहिका त्याच प्रश्नावर उभी आहे.

युरोपात तो न्यायालयात सुटला. स्पेनमधील डॉक्टरांच्या खटल्यात २००० साली युरोपीय न्यायालयाने सांगितले की रुग्णालयात हजर राहून घालवलेला वेळ हा कामाचाच वेळ होय. जर्मनीतील एका डॉक्टरच्या खटल्यात २००३ साली पुढचे पाऊल पडले : तो डॉक्टर तिथे झोपला असला तरीही. आणि ५ ऑक्टोबर २००४ रोजी जर्मन रेडक्रॉसच्या रुग्णवाहिकांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ठरवले की हाकेची वाट पाहण्याचे त्यांचे सारे तास मोजले गेले पाहिजेत आणि ते धरून आठवडा अठ्ठेचाळीस तासांच्या पलीकडे जाता कामा नये. ते कर्मचारी तरी काय करीत होते? आपले चालक जे करतात तेच. फोनकडे कान लावून बसत होते.

आपल्याकडे वारा उलट दिशेने वाहतो आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. त्याच राज्यात सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली केलेला आठ तासांचा कायदाही २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहितेत विरून गेला. त्या जुन्या कायद्याची अंमलबजावणी किती होत होती हा भाग अलाहिदा. पण बोट दाखवायला एक जागा होती.

एक तुलना करून पाहा. पोलिसाला परेड आहे. अग्निशमन दलाच्या जवानाला रोजची कवायत आहे, आणि ती कामाच्या वेळातच होते. आग लागलेली नाही म्हणून तो रिकामा बसला आहे, असे कोणी म्हणत नाही. त्याने शिडी चढावी, होजपाइप ओढावा, अंग तयार ठेवावे, हे त्याचे कामच मानले जाते. मुंबई बंदरातील १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटात ६६ अग्निशामकांनी प्राण गमावले, त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस आपण पाळतो. त्या धंद्याचे शरीर हे सार्वजनिक ठेवा आहे, ही जाणीव समाजाला आहे. मग जळत्या घरातून माणूस बाहेर काढणाऱ्याला कवायत, आणि तोच माणूस पुढे रुग्णालयात नेणाऱ्याला नुसते बाकडे, हे कोणत्या न्यायाने? फरक एवढाच की अग्निशामक दलात बहुधा नगरपालिकेचा नोकर असतो आणि रुग्णवाहिकेवर कंत्राटदाराचा माणूस. कंत्राटदार प्रत्येक फेरी मोजतो. चालकाची कंबर त्याच्या हिशेबात येत नाही, कारण एक कंबर गेली तर दुसरी मिळते.

म्हणून आपली पहिली मागणी आठ तासांच्या पाळीची आहे आणि ती आपण सोडणार नाही. पण तिच्या निकालापर्यंत हात बांधून बसायचे का? इथे मला आपल्याच काही साथींशी थोडे भांडायचे आहे. व्यायाम, योग, आरोग्यशिबिर असे शब्द आले की आपल्यातील काहींना त्यात मालकाचा डाव दिसतो. तो असतोही. पगार वाढवण्याऐवजी योगदिन साजरा करणारी कचेरी आपण पाहिली आहे. परंतु मालकाने एखादा शब्द वापरला म्हणून ती वस्तूच त्याची होत नाही. राष्ट्र सेवा दल १९४१ साली उभे राहिले ते मैदानावर. कवायत, लेझीम, खेळ, आणि खेळ संपल्यावर त्याच मातीत बसून बौद्धिक. जातीपातीची मुले एकमेकांचा हात धरून पहिल्यांदा उभी राहिली ती व्याख्यानात नव्हे, त्या मैदानात. पुढे आपण सभागृहात गेलो, परिसंवादात गेलो, आणि मैदान दुसऱ्यांना आयते दिले. त्यांनी तिथे काय पेरले ते आज दिसतेच आहे. तालमीचा, जोर-बैठकांचा, घामाचा वारसा हा श्रमिकांचा आहे. तो आपण कोणाला आंदण दिलेला नाही.

आता नांदगावात काय करता येईल ते बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. दीडशे मिनिटे सहा दिवसांत वाटली तर रोज पंचवीस. बारा तासांच्या पाळीत सातशे वीस मिनिटे असतात. त्यांपैकी पंचवीस मिनिटे, पाळीच्या आत, पगारी, हजेरीत धरलेली, एवढे आपण मागतो आहोत. ‘मधेच फोन आला तर?’ असे विचारले जाईल. आला तर निघायचे. पूर्वी असे सांगत की दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशेबात धरू नये. २०२० च्या शिफारशीने ती अट काढून टाकली. चार मिनिटे झाली तर चार जमा झाली, उरलेली परत आल्यावर. या कामाला एवढी साजेशी शिफारस क्वचितच कोणी केली असेल.

व्यायाम कोणता? महागडी यंत्रे नकोत. उचलण्याचे काम मांड्यांचे आहे, कमरेचे नाही, म्हणून बैठका. पाठ सरळ ठेवून, गुडघ्यात वाकून वजन कसे उचलावे याचा सराव रिकाम्या स्ट्रेचरवर दोघांनी मिळून करावा. चालकाने आणि डॉक्टरने एकाच तालात उठायला शिकले पाहिजे, कारण एक आधी उठला की दुसऱ्याची पाठ जाते. आवारात गाडीपासून हाकेच्या अंतरावर फेऱ्या. एक आडवा लोखंडी बार, दोन सतरंज्या, जागा असेल तर व्हॉलीबॉलचे जाळे. दमून जाईपर्यंत काही करू नये. पुढच्या मिनिटाला गाडी काढायची असते. शाळेतले निवृत्त व्यायामशिक्षक आपल्या गावात आहेत, त्यांना महिनाभर संध्याकाळी यायला सांगू. ते आनंदाने येतील, त्यांना आता कोणी बोलावत नाही. आणि चाळिशी ओलांडलेल्यांनी किंवा ज्यांना छातीत दुखते, धाप लागते त्यांनी आधी तपासून घ्यावे. गाडीत रक्तदाब मोजायचे यंत्र असते, प्रगत गाडीत हृदयाचा आलेख दाखवणारा मॉनिटर असतो. मागच्या रांगेत बसलेल्या चालक बंधूंना मी विचारतो : रोज दहा जणांच्या दंडाला जो पट्टा बांधला जातो, तो तुमच्या दंडाला शेवटचा कधी बांधला गेला?

(या प्रश्नावर सभेत हशा झाला. दोघांनीच हात वर केले.)

हसण्यावारी नेऊ नका. दोन हात वर आले, याचा अर्थ मी सांगायला नको.

भगिनी डॉक्टरांविषयी वेगळे बोलले पाहिजे. या गाड्यांवर तरुण स्त्री डॉक्टर आहेत, रात्रपाळीही करतात. त्यांना आवारात फेऱ्या मारा, बैठका काढा असे सांगणे सोपे आहे. रात्री अकरा वाजता, अर्धवट उजेडात, नातेवाइकांच्या गर्दीसमोर? त्यांच्यासाठी कडी लावता येईल अशी खोली आणि स्वच्छ संडास ही व्यायामाच्या आधीची मागणी आहे. जिथे संडास नाही तिथे बाई पाणी पीत नाही, आणि जी पाणी पीत नाही तिला आपण आरोग्याचे धडे देतो. ही खोली नसेल तर आपली सारी योजना पुरुषांची योजना होईल. हे मी आधीच बजावून ठेवतो, कारण आपल्या चळवळीत ही चूक पूर्वी झाली आहे.

कार्यकर्त्यांनी दोन कामे अंगावर घ्यावीत. एक वही तयार करावी. एक महिना प्रत्येक पाळीत किती तास वाट पाहण्यात गेले, किती फेऱ्या झाल्या, किती किलोमीटर, किती वेळा दोघांनीच रुग्ण उचलला, जेवण किती वाजता झाले, रिलीव्हर वेळेवर आला की नाही, याची नोंद कर्मचाऱ्यांनी स्वतः ठेवावी. रुग्णाचे नाव, गाव, आजार यांतले काहीही त्यात नसावे. मॉरिसने मापवह्या वाचल्या. आपली वही आपण लिहू. ‘निम्मा वेळ तर बसूनच असतात’ या वाक्याला भाषणाने उत्तर देता येत नाही, वहीने देता येते. आणि तो निम्मा वेळ खरोखर निघाला, तरी बिघडत नाही. मग व्यायामासाठी वेळ नाही असे त्यांना म्हणता येणार नाही.

दुसरे काम जागेचे. रुग्णालयाच्या आवारात किंवा लगत सावलीची, दिवा असलेली, गाडी दिसेल अशी जागा हवी. त्यासाठी वैद्यकीय अधीक्षकांना आणि नगरपरिषदेला भेटावे लागेल. त्यांना शत्रू समजून जाऊ नका. त्यांचे परिचारक, सफाई कामगार, शिपाई हेही त्या जागेत येऊ शकतील, हे त्यांना पटवा. उन्हाळ्यात इथे दुपारी उघड्यावर उभे राहणे अशक्य असते, म्हणून वेळ सूर्य कलल्यानंतरची किंवा सकाळी सातच्या आतली मागा. बार आणि सतरंज्यांचा खर्च पक्षाच्या शाखेने वर्गणीतून करावा. पंचवीस मिनिटांचा खर्च मात्र कंत्राटदारानेच केला पाहिजे, त्यासाठी आपण एक पैसाही वर्गणी काढणार नाही.

ठरावाचा मसुदा टेबलावर ठेवला आहे. तो मी आणि दोन कार्यकर्त्यांनी लिहिला आहे, त्यामुळे त्यात चुका असणार. गाडीवर काम करणाऱ्यांनी तो आधी वाचावा. ‘पंचवीस मिनिटे’ हा आकडा कमी वाटत असेल तर खोडून वाढवावा. पाळीच्या कोणत्या तासात ती घ्यावीत हे आम्ही कोरे ठेवले आहे, तिथे त्यांनीच लिहावे. ज्यांची ड्युटी आठ वाजता सुरू होते ते आता निघतील. त्यांच्या सह्या प्रथम घ्या, बाकीच्यांच्या नंतर घेता येतील.